पांढऱ्या पट्टीतला पाव इंच

मित्रांनो, मी एक जुनी, पायाने चालवायची शिलाई मशीन आहे. पनवेलजवळ विचुंबे गावात, दमयंतीच्या घरी, खिडकीला लागून माझी जागा आहे. १९७२ साली, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं व्हायच्या थोडं आधी, दमयंतीच्या सासूने, म्हणजे भामाने, मला पनवेलच्या बाजारातून बैलगाडीत घालून आणलं. माझं पहिलं काम होतं शाळेच्या प्रभातफेरीसाठी चाळीस पांढऱ्या टोप्या. पन्नासाव्या वर्षी त्याच शाळेसाठी सत्तर सदरे शिवले. दोन्ही वेळा भामाने कापड आधी मोजलं आणि मग कापलं. हे मुद्दाम सांगते, कारण पंचाहत्तराव्या वर्षी मोजायला कोणालाच वेळ नव्हता.

२०२२ च्या ऑगस्टची तीन तारीख. तेरा ते पंधरा ऑगस्ट घरोघरी झेंडा लावायचा म्हणून दमयंतीच्या बचत गटाला तीनशे झेंडे शिवायला मिळाले. बाया चार, मशिनी चार, दिवस दहा. वाटपाचं काम बघणारा कमलाकर कापडाचे गठ्ठे घेऊन आला, आणि आल्या आल्या पहिलं काय झालं असेल, तर फोटो. मी फोटोत शोभत नव्हते. शेजारणीची विजेवरची नवी मशीन आणली, तिच्यापुढे दमयंतीला बसवलं आणि माझ्यावर चादर टाकून चहाचे कप ठेवले. फोटोतल्या मशीनने त्या दहा दिवसांत एकही झेंडा शिवला नाही. नोंद असावी.

कापड कापूनच आलं होतं. तिन्ही पट्ट्या सात-सात इंचांच्या, पांढरीवर चक्र छापलेलं. कडा गरम पात्याने कापलेल्या, त्यामुळे त्या उसवणार नाहीत. "कडा दुमडत बसू नका ताई," कमलाकर म्हणाला. "तीन पट्ट्या जोडा, काठीचा नेफा लावा, झालं."

सहा तारखेपर्यंत एकशे बारा झेंडे झाले. धागे कापायला शुक्री होती. ती पावसाळ्याआधी वीटभट्टीवर असते, भट्टी बंद झाली की सुकापूरला बांधकामावर. त्या आठवड्यात तिथलं काम थांबलं होतं. तयार झेंड्यांची घडी भामा घालायची. तिला आता नीट दिसत नाही. केशरी आणि हिरवी पट्टी पांढरीच्या खाली दुमडायची, कडेला कड लावायची आणि मग चक्र वर ठेवून घडी घालायची, ही तिची पद्धत.

घडी घालता घालता ती थांबली.

"दमे, ही कड भायेर का येते गो?"

"नीट धरा ना, आई."

"नीटच धरलंय. माजे डोले गेले, बोटं नाय गेली."

दमयंतीने टेप लावला. झेंडा वीस बाय तीस, अगदी बरोबर. मग तिने एकेक पट्टी मोजली. केशरी पावणेसात, हिरवी पावणेसात, पांढरी साडेसहा.

मित्रांनो, यात अवघड काही नाही. दोन पट्ट्या जोडताना प्रत्येकीचा पाव इंच शिलाईच्या आत जातो. केशरी आणि हिरवी एकाच बाजूने जोडली जाते, पांढरी दोन्ही बाजूंनी. म्हणून पांढरी पाव इंच कमी. कुठेतरी कोणीतरी शिलाई वजा करून तिन्हींची बेरीज केली, ती वीस आली, आणि तो जेवायला गेला.

उपायही साधा होता. वरची आणि खालची कड पाव इंच दुमडून शिवायची, म्हणजे तिन्ही पट्ट्या साडेसहाच्या होतील. उंची घटली म्हणून लांबीतूनही दोन्ही टोकांना सारखं, मिळून पाऊण इंच आत घ्यायचं. चक्र मधोमध राहील. फक्त प्रत्येक झेंड्याला चार शिलाया वाढणार होत्या. झालेल्या एकशे बारांनासुद्धा.

कमलाकरला बोलावलं.

"ताई, पाव इंच कोण बघणारे?"

"तुज्या प्यांटीचा एक पाय पाव इंच तोकडा शिवू का रं?" भामा म्हणाली.

"आजी, पँट रोज घालतात. झेंडा तीन दिवस."

खोलीतल्या बाकीच्या तिन्ही मशिनी थांबल्या. मी आधीच थांबले होते.

"मग तीन दिवस तरी तो नीट असू दे," दमयंती म्हणाली.

"बाराला संध्याकाळी गाडी येईल. असतील तेवढे नेईन. कमी पडले तर तयार छापलेले मागवीन, आणि पुढच्या वेळी गटाचं नाव कोणी घेणार नाही. नंतर मला बोलू नका."

मी रोज चौदा तास चालले. माझा पट्टा दोनदा तुटला. बारा तारखेच्या संध्याकाळी दोनशे एक्केचाळीस झेंडे घडी घालून तयार होते. तीनशे नव्हते. उरलेले एकोणसाठ छापलेले आले. त्यांतला एक दमयंतीने उघडला, तर चक्र काठीकडे सरकलेलं. तिने तो कमलाकरला दाखवला. तो फोनवर होता.

गाडी भरत असताना शुक्री पुढे झाली. "दादा, एक मना पन द्या."

"घर नंबर?"

"बांधकामावर रातो, सुकापूरला. नंबर नाय पडला अजून."

"मग यादीत कसं घालू?"

"इमारत आमीच बांधतो. आठ माळे झाले. तुमच्या यादीत इतका उंच कोन हाय का?"

बाया हसल्या. कमलाकर यादी चाळत राहिला. दमयंतीने वरचा झेंडा उचलून शुक्रीच्या हातात दिला. "दोनशे चाळीस लिही," ती कमलाकरला म्हणाली.

पुढचं मला खिडकीतून दिसलं तेवढंच सांगते. समोरच्या इमारतीत एकतीस झेंडे लागले. सोळा तारखेला एकतीसच होते. गणपती आले, तेव्हा सव्वीस. नवरात्रात एकोणीस, त्यांतले चार गॅलरीच्या गजांना गुंडाळलेले. एक खाली पडला, त्यावर कोणीतरी कुंडी ठेवली. तो आम्ही शिवलेला होता. चारही कडा शाबूत होत्या.

मात्र सोळा ऑगस्टलाच सकाळी शुक्री आली होती. ओल्या पदराखालून तिने झेंडा काढला आणि माझ्या फळीवर ठेवला.

"ताई, ह्या आता कुठं ठेवायचा? तिकडं सिमेंट उडतंय."

विचुंब्यातून, सुकापुरातून हे विचारायला दुसरं कोणी आलं नाही. भामाने घडीच्या कडेवरून अंगठा फिरवला. केशरी आणि हिरवी पांढरीच्या खाली, चक्र वर. एकही कड बाहेर नव्हती.

"कोनी शिकवलं गो तुला?"

"तुमच्या म्होरंच बसले व्हते ना आठवडाभर."

तो झेंडा माझ्या खणात आहे. दर पंधरा ऑगस्टला शुक्री तो नेते आणि सोळाला आणून ठेवते. तिची इमारत कधीच पुरी झाली, तिथे आता दुसरी माणसं राहतात. ती पुढच्या इमारतीवर गेली. तिच्या घराला नंबर अजून पडलेला नाही.

मित्रांनो, शंभरावं वर्षही येईल. तेव्हाही फोटो निघतील आणि माझ्यावर चादर पडेल. त्याची तक्रार नाही. पण कापड कापण्याआधी मोजा. आणि पंधरा ऑगस्टला सगळेच येतात, तुम्ही सोळाला या. झेंडा उतरवा, पुसा, कडेला कड लावून घडी घाला. ठेवायला जागा नसेल तर माझा खण उघडा. तो जरा अडकतो, उजवीकडून ओढावा लागतो. आत अजून पुष्कळ जागा आहे.