चित्र तर स्वच्छ आलंय

आमच्या दादाने काडी इकडची तिकडे केली तरी ते सगळ्या नातेवाइकांना कळतं. या खेपेला त्याने घरचे जुने व्हिडिओ नव्या फॉरमॅटमध्ये बदलले. जुन्या फाइल्स अवाढव्य, निम्म्या तर हल्लीच्या टीव्हीवर चालतही नव्हत्या. आता सगळं बोटभर पेनड्राइव्हवर मावलं म्हणून त्याने रविवारी मला बोलावून घेतलं. बाबांच्या शेजारी रिमोट घेऊन असा बसला होता, जणू आमचं बालपण त्यानेच खर्च करून केलं होतं.

मी गेले ती आईसाठी. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. या व्हिडिओंत ती कुठेच दिसत नाही, कारण कॅमेरा कायम तिच्या हातात. बाबांनी उभं राहायचं आणि आईने टिपायचं, अशी वाटणी होती. पण कॅमेऱ्यामागे तिच्या तोंडाचा पट्टा सुरू असायचा. मान वर कर, शर्ट खोच, अहो, जरा हसा, हसायला पैसे पडत नाहीत. तिचा आवाज जगात तेवढाच उरला होता. मला तो ऐकायचा होता, बाकी काही नको होतं.

बाबांना ती बडबड कधी सोसली नाही. व्हिडिओ लागला की ते आधी टीव्हीचा आवाज बंद करायचे. टकळी रोज ऐकतोच, आता नुसतं चित्र बघू द्या, म्हणायचे. पाहुणे हसायचे, आई चहा टाकायला उठायची. हळूहळू ती घरची रीतच झाली. व्हिडिओ बघायचे ते मुके.

दादाने पहिला लावला. नव्या सायकलवर मी, कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी ओरडतेय. मी त्याला आवाज सुरू करायला सांगितलं. त्याने केला. काही नाही. दुसरा लावला, तिसरा लावला. मग त्याने लॅपटॉप काढला आणि त्याच्या कपाळावर घाम आला.

झालं होतं ते असं. त्या जुन्या कॅमेऱ्याचा आवाज नव्या सॉफ्टवेअरला ओळखता येत नव्हता. तसं सॉफ्टवेअरने सुरुवातीलाच पडद्यावर लिहून दाखवलं होतं. दादाने न वाचता ओके दाबलं. नंतर मात्र शहाण्यासारखी एकेक फाइल शेवटपर्यंत तपासली, फक्त घरच्या रीतीने, आवाज बंद ठेवून. मग मूळ फाइल्स पुसल्या आणि त्या डिस्कवर ऑफिसचं काम भरलं. ज्यांवरून त्या फाइल्स केल्या होत्या, त्या कॅमेऱ्याच्या टेप तर बाबांनी घर बदलताना कधीच भंगारात घातल्या होत्या. एकदा वरून दुसरं भरलं की खालचं परत मिळत नाही, हेही दादानेच मला समजावून सांगितलं.

"मूळ फाइल्स कशाला पुसल्यास?"

"जागा किती खात होत्या माहितीये तुला?" तो म्हणाला. "आणि चित्र तर स्वच्छ आलंय. आधीपेक्षा स्वच्छ."

त्याच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं. रडू येत होतं, आणि या दोघांसमोर येत होतं याचा जास्त संताप होत होता. आई जिवंत असताना यांनी तिला गप्प केलं, आणि गेल्यावर ते काम पुरं केलं.

टीव्ही चालूच होता. पडद्यावर तरुण बाबा गाडीला टेकून उभे होते, नेहमीसारखे ताठ. अचानक त्यांचा ताठपणा गळला आणि ते पोट धरून हसायला लागले, कॅमेऱ्याकडे बोट दाखवत. बाबांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"काय म्हणाली होती आई?" मी विचारलं. "एवढं हसलात, बाबा. काय म्हणाली ती?"

 बाबांनी कपाळ चोळलं, पडद्याकडे बघितलं, पुन्हा कपाळ चोळलं. त्यांना आठवेना.

मग त्यांनी दादाच्या हातातून रिमोट घेतला आणि आवाज वाढवायला लागले. पडद्यावरची पट्टी शेवटाला जाऊन टेकली, तरी बटण दाबतच राहिले.

"थांब जरा," मला म्हणाले. "येईल आता."