पहिल्या वाटेची पाळी

फेब्रुवारी अर्धाही सरला नव्हता, आणि हक्कारीच्या डोंगरात पहाटेच पागोळ्या गळत होत्या. रात्रभर दक्षिणेचा वारा गोठ्यातल्या वाफेसारखा उबदार वाहत होता. बेस्नाला वाटलं, अख्खा डोंगर झोपेत घामेजलाय.

उन्हाळ्यात कापलेलं गवत उतारापलीकडे रचलेलं. ते हिवाळ्यात घसरगाडीवरून आणायचं, आणि बर्फातली पहिली वाट पाळीपाळीनं एकेका घरानं पाडायची. आज पाळी बेस्नाची. तिच्या गाभण शेळ्यांना दोनच दिवसांचा चारा उरला होता. मागे पाच घसरगाड्या खोळंबलेल्या.

तिनं काठी खुपसली. वरची साय मोडून ती मुठीपर्यंत आत गेली. खाली सगळी ओली साखर.

"मी नाही जात," ती म्हणाली. "रात्री बर्फ गोठलाच नाही; असा उतार पायाखालून सुटतो. गोठू दे, मग बघू."

"वहिनी, पाळी आली की कधी तुझे गुडघे दुखतात, कधी बर्फ दुखतो," मिस्तो म्हणाला. हा तिचा धाकटा चुलत दीर. स्वतःच्या मागच्या तीन पाळ्यांना तो कुठं होता, हे बेस्नाला पाठ होतं: एकदा लग्नात, एकदा दाढदुखीत, एकदा नुसताच अंथरुणात. पण आज चारचौघांत बोलून बसला होता.

"मग तू जा. माझी पाळी तुला दिली."

गेला. धुक्यात उतार नि आभाळ एकच झालं होतं; मिस्तो दुधातल्या माशीसारखा तरंगत चालला. तीस पावलं. चाळीस. तो पोचला तर गावभर आपलं हसं होईल, पण शेळ्या जगतील. पोचावा, असंच तिला वाटत होतं.

तेवढ्यात उतार आत खोल कुठंतरी हुंकारला. तो हुंकार कानांपेक्षा तळपायांनाच जास्त कळला. मिस्तोच्या वर, चढाच्या बाजूला बर्फावर केसाएवढी रेघ उमटली, आणि सावकाश लांबत गेली.

मिस्तो वळला, आणि स्वतःच्याच पावलांत एकेक पाऊल ठेवत, नव्या नवरीसारखा परत आला.

"दोरी विसरलो," तो म्हणाला.

दोरी त्याच्या खांद्यावर होती. पाचही जणांना दिसत होती.

बेस्नाच्या जिभेवर तीन उत्तरं आली. तिनं तिन्ही गिळली.

"दोरीवाचून गवत कसं येणार?" ती म्हणाली. "चला, सगळेच जाऊ आणायला. थंडी पडली की येऊ. तोवर शेळ्या अर्धपोटी राहतील."

एका दोरीसाठी सहा घसरगाड्या रिकाम्या गावाकडे वळल्या.