उजेड चालतो, पाणी नको

शी! अजून आठवलं की तोंडाला पाणी सुटतं. उलटीच्या आधी सुटतं ना, तसलं.

चौऱ्याऐंशी साल. आमची चाळ विक्रोळीच्या डोंगरावर. जागेचे कागद नाहीत म्हणून लाइटचा मीटर नाही. खाली कंपन्यांचे दिवे असे झगमगायचे, की आमचे कोंबडे सकाळ झाली समजून रात्रभर आरवायचे आणि दिवसा दमून झोपायचे. आम्ही मात्र चिमणीच्या धुरात खोकत. तेही रॉकेल मिळालं तर.

शेवटच्या खोलीत कुंडलिक राहायचा. जालन्याकडचा, बौद्ध घरातला, कंपनीत फिटर. त्याने भंगारातून एक डिझेल इंजिन आणलं. चाळीच्या संडासामागे खड्डा खणून घेतला आणि त्यावर मोठा लोखंडी टोप पालथा घातला. संडासातलं सगळं त्या खड्ड्यात, वर शेजारच्या तबेल्याचं शेण. ते आत कुजणार, त्याचा गॅस टोपात साठणार, गॅसवर इंजिन फिरणार आणि इंजिनावर आमचे दिवे.

वास? वरून जाणारा एक कावळा पंखाने नाक धरायला गेला आणि धपकन खाली पडला. मी स्वतः बघितला.

पण दारोदार बल्ब लागले. माझी शेजारीण द्रौपदी, दिवसातून चारदा उंबरा धुणारी, तिने तर बल्बला हळदकुंकू लावलं. हात भाजून घेतला, पण लावलं.

आता इंजिन म्हटलं की तापणार. ते थंड ठेवायला कुंडलिकने टाकीत भरलेलं विहिरीचं पाणी त्याच्या अंगाभोवती फिरायचं आणि कडकडीत होऊन नळाला यायचं. फुकट! कुंडलिक घरोघर सांगून आला, "बालद्या लावा. गरम पाणी काढलंत की टाकीत गार पाणी येतं. नाही काढलंत तर टाकीच उकळेल, मग इंजिन बंद करावं लागेल."

एक बालदी लागली नाही. म्हणजे माझी लागली, माझे गुडघे धरले होते. बाकी कुणी फिरकलं नाही.

"शी गो जानकी," द्रौपदी म्हणाली, "त्या घाणीच्या पाण्याने न्हातेस?"

"पाणी विहिरीचं आहे गो. घाण पलीकडे, पाणी अलीकडे, मध्ये लोखंड."

"असू दे. मला किळस येते."

"आणि बल्ब? तो कशावर जळतो?"

"उजेड काय अंगाला लागतो?"

मग तिने आवाज बारीक केला. "आणि ती टाकी भरतो कोण, ते बघ ना जरा."

तेव्हा कळलं, बाईला किळस कशाची येते ती. संडासाचा वास मी सहन करत होते. हा नाही झाला.

तिची मालन तेव्हा बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळंतिणीला न्हायला पाणी कसं लागतं? अंग लाल होईल असं. इथे रॉकेलचा पत्ता नाही. मालन कोमट तांब्याभर पाण्यात कुडकुडत बसायची. दहा पावलांवर नळ वाफ सोडत होता, आणि ही म्हातारी उंबरा धूत होती!

टाकी रोज उकळायची, इंजिन रोज बंद. आमचा चेअरमन सहदेव, त्याने कुंडलिकला सगळ्यांसमोर सुनावलं, "रविवारपर्यंत नीट चाललं नाही ना, तर भंगारवाल्याला बोलावतो."

कुंडलिक इंजिन पुसत बसला. मला म्हणाला, "मावशी, इंजिनाला काही झालेलं नाही हो. हे लोक पाणी काढत नाहीत."

त्याचं तोंड बघवेना. माझी जीभ वळवळायला लागली.

द्रौपदीला गाठलं. "कुणाला बोलू नको हां. खड्डा खणताना खाली झरा लागलाय. वज्रेश्वरीच्या गरम कुंडाचं पाणी जमिनीखालून वाट चुकून इथे आलंय. नाहीतर एवढंसं इंजिन एवढं पाणी तापवेल? आणि वास! वज्रेश्वरीला जाऊन आलीस ना? तिथेही असाच येतो की नाही? काल वाफेत बाई दिसली मला. हिरवी साडी, नाकात एवढी मोठी नथ."

कुणाला बोलू नको म्हटलं, म्हणजे सगळ्या डोंगराला कळलं. सकाळी नळापुढे ही रांग! नारळ, उदबत्त्या, हार. इंजिनाला कुंकू फासलं. सहदेव धोतरावर न्हाला आणि तिथल्या चिखलात लोळला. द्रौपदीने मालनला आणि बाळाला चोळचोळून न्हाऊ घातलं आणि वर ओंजळभर पाणी तीर्थ म्हणून प्यायली. त्यावर तेलाचा तवंग होता. म्हणे, देवीची साडी झळकतेय! मी पदर तोंडात कोंबला. हसू दाबायला नाही, ओकारी थांबवायला.

पण इंजिन काय चाललं! नुसतं गुरगुरत होतं लोण्यावरच्या मांजरासारखं. बल्ब झकास. कुंडलिक खूश, त्याला वाटलं लोकांना पटलं.

मग सहदेवला अक्कल सुचली. "देवीला खेटून संडास? पाप लागेल!" संडासाला कुलूप. सगळे डबे घेऊन वर डोंगरावर. आणि कुंडलिकला म्हणाला, "तू पण आता आत यायचं नाहीस. हे देवस्थान झालं."

"माझं इंजिन आहे, दादा."

"देवीचं आहे. खोपटाची किल्ली दे."

त्याने आणलेलं, त्याने जोडलेलं, आणि त्यालाच बाहेर काढला! मी तोंड उघडेपर्यंत किल्ली सहदेवच्या करदोट्याला.

आता संडासातलं बंद, शेण टाकणारा बाहेर, तर गॅस कुठून होणार? टोप हळूहळू खाली बसला. इंजिन खोकलं, दोन आचके दिले आणि गेलं. पाणी गार, चाळ काळोखात.

"देवी कोपली!" द्रौपदी बोंबलत माझ्याकडे आली.

एवढंच हवं होतं. केस सोडले आणि नळापाशी बसून घुमायला लागले. "नैवेद्य! मला नैवेद्य पायजे!"

सहदेव हात जोडून. "काय देऊ आई?"

"संडास उघड मेल्या! रोज सकाळी सगळ्यांनी यायचं! आणि माझ्या कुंडलिकाला आणा!"

सहदेव कुलूप काढायला असा पळाला की धोतर मागे राहिलं. कुंडलिकला धरून आणला, किल्ली त्याच्या हातात दिली. तो माझ्यापुढे उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "मावशी, उठा. गुडघे दुखतील."

मी घुमायची थांबले.

"इथे देवी नाही," त्याने सगळ्यांना सांगितलं. "झरा नाही. विहिरीचं पाणी आहे, इंजिनावर तापलेलं. न्हायला चांगलं. प्यायचं नाही, त्यात गंज आहे, तेल आहे."

द्रौपदीचे डोळे पांढरे झाले. गटाराकडे धावली.

"देवीचं म्हणून घेणार असाल तर मी इंजिन चालू करणार नाही," कुंडलिक म्हणाला. "माझ्या हातचं म्हणून घेणार असाल तर बालद्या लावा."

सगळे थुंकले आणि घरात गेले. दारं लागली. नळापाशी तो आणि मी.

संडास मात्र उघडा राहिला, पोट कुणाचं ऐकतं? टोप पुन्हा वर आला. पण कुंडलिक हाताची घडी घालून बसलेला. काळोख तो काळोखच. आणि सहदेवने पुन्हा भंगारवाल्याला सांगितलेलं, तो रविवारी सकाळी यायचा होता.

शनिवारी संध्याकाळी द्रौपदीचं दार उघडलं. मालन! बाळंतीण बाई, महिना व्हायचा असताना उंबऱ्याबाहेर, डोक्याला फडकं, हातात बालदी. मागून द्रौपदी, "अगो, वारा लागेल! काय करतेस!"

"पोर चिमणीच्या धुराने खोकतंय, आये," मालन म्हणाली. "कुंडलिकदादा, तुमच्या हातचं द्या."

तिने नळाखाली बालदी ठेवली. द्रौपदी बघत राहिली. मग घरात गेली आणि स्वतःची बालदी घेऊन आली. दुसऱ्या हाताने पदर नाकाला. तिच्यामागे आणखी दोघी, नाकं धरूनच. शेवटी सहदेव, आकाशाकडे बघत, बालदी आपोआप चालत आल्यासारखा.

कुंडलिकने इंजिनाचा हँडल मारला. बल्ब पेटले. नळातून वाफ आली.

द्रौपदी माझ्या कानाशी लागली. "देवी नाही, तर मग हा वास कसला गो?"

"आपलाच," म्हटलं. "सगळ्यांचा मिळून. धर बालदी."