खाद्य न घातलेली प्लेट

टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका. पांढरट, फुगीर, अगदी कडेला... काचेवरचा डाग असेल म्हणून तिने बोट फिरवलं, पण ठिपका आत होता. जंतू वाढवायच्या या प्लेटमध्ये काही उगवायलाच नको होतं. जिवाणू तिने आणि तिच्या सरांनी स्वतः घडवलेला, निसर्गात कुठेही नसलेला, आणि त्याची भूकही त्यांनीच घडवलेली — प्रयोगशाळेत बनणारं ते एक खाद्य मिळालं नाही की तो मरणार, म्हणजे मरायलाच हवा. त्याच भरवशावर तर प्रयोगाची परवानगी मिळाली होती. या प्लेटमध्ये ते खाद्य नव्हतं.

असे ठिपके आधीही आले होते. हवेतून एखादा उपरा जंतू पडतो, त्याला इथे सगळे पाहुणा म्हणत. पाहुणा आला की चौकशी नाही. प्लेट नळाखाली धुवायची आणि मोकळं व्हायचं. घरच्यांना, म्हणजे त्या घडवलेल्या जिवाणूंना, मात्र वाफेच्या भट्टीत घालून, पुरते मेल्याची खात्री करूनच टाकायचं. आज तिला काय बुद्धी सुचली कोण जाणे, तिने प्लेट निळ्या दिव्याखाली धरली. ठिपका हिरवा चमकला.

ती चमक तिनेच दिली होती त्याला, गर्दीत आपलं माणूस ओळखू यावं म्हणून... म्हणजे आधीचे पाहुणे — कोणी मोजलेत? — तेही घरचेच? स्वतःच्या हातांनी तिने ते मोरीत सोडले, आणि पाणी तर कुठे कुठे जातं, आणि त्याच हातांनी घरी जाऊन लेकीला भरवलं... निरुपद्रवी आहे गं तो, साधा गरीब जीव, तिने स्वतःला समजावलं. पण उपाशी मर म्हटलेलं ज्याने ऐकलं नाही, तो पुढे कोणाचं काय ऐकणार?

“काय गं, पुन्हा पाहुणा?” सर दारात उभे.

तिने चटकन दिवा बंद केला.

“टाक धुऊन. लाडावून ठेवलेस तर मुक्काम ठोकतील!” ते आपल्याच विनोदावर हसले. “उद्या तपासणीवाले येतायत, टेबल लख्ख हवं.”

“हो, सर.”

सांगायला हवं होतं. सांगितलं की सगळं थांबणार, साऱ्या प्लेटा भट्टीत, इतक्या वर्षांची मेहनत भट्टीत — पण त्यासाठी ती गप्प बसली नव्हती, हे तिचं तिलाच कळत होतं, आणि तिथे ती खरी हादरली. तो चमकला त्या क्षणी, भीती वाटायच्याही आधी, तिच्या तोंडून एक शब्द निघाला होता. लेक भिंत सोडून पहिल्यांदा आपल्या पायांवर उभी राहिली तेव्हा निघाला होता, तोच... शाब्बास.

सर लांब गेले. तिने जिवाणू वाढवायच्या उबेच्या कपाटाचं दार उघडलं, प्लेट पार मागे, इतर प्लेटांच्या आड सरकवली, दार लावलं — आणि लेकीला निजवताना थोपटावं तसा दारावर थोपटणारा स्वतःचा हात पाहून तिच्या अंगावर सरसरून काटा आला.