कमलबाईंचा आकडा मी चुकवला

मित्रांनो, मी एक जुनं साखर मोजायचं यंत्र आहे. डब्यातली साखर नव्हे, माणसाच्या रक्तातली. बोटाला सुई टोचून माझ्या पट्टीला थेंब लावला, की मी क्षणात आकडा सांगतो.

कारखान्यात माझी कसून परीक्षा झाली. मग एका घडी घातलेल्या कागदासोबत मला खोक्यात बसवलं. त्या कागदावर बारीक इंग्रजी अक्षरांत माझा दोष लिहिला होता: अंगात रक्त फार कमी असेल, तर हे यंत्र साखर जास्त दाखवू शकतं. पण असले कागद कोण वाचतं?

भूमच्या औषधाच्या दुकानातून लिंबाजींनी मला घरी आणलं. त्यांना साखरेचं दुखणं होतं, बाकी माणूस धडधाकट. पहिल्याच आठवड्यात त्यांनी प्रयोगशाळेत रक्त तपासून माझा ताळा घेतला. तिथे एकशे चौसष्ट आली, मी एकशे एकसष्ट सांगितली होती. तेव्हापासून माझा तोरा काही विचारू नका! खंडेनवमीला खुरपी-विळ्यांच्या रांगेत मलाही मांडलं, कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं.

दोन वर्षांनी त्यांच्या पत्नीला, कमलबाईंना, तेच दुखणं निघालं. डॉक्टरांनी इन्सुलिन दिलं आणि साखर दोनशेच्या वर गेली तर दोन युनिट वाढवायला सांगितलं. सून अर्पिता हे सगळं मनापासून करायची. पण कमलबाईंच्या अंगात रक्तच नव्हतं. नखं पांढरीफटक. बोट पिळावं तेव्हा कुठे फिकट थेंब यायचा. मला रंग कळत नाही. साखर दीडशे असली तरी मी दोनशे दहा सांगायचो, आणि तिकडे इन्सुलिन वाढत जायचं.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी कमलबाई भिंतीला धरून स्वयंपाकघरात आल्या.

"अर्पिता, लई भूक लागलीय गं. हातपाय कापायलेत. चतकोर भाकर दे."

त्यांच्या कपाळावर घाम होता. अर्पिताने लगेच मला काढलं. खरी साखर पन्नाशीच्या घरात असावी. मी ब्याऐंशी सांगितली.

"आत्या, ब्याऐंशी हाय, कमी न्हाय. आत्ता खाल्लं तर पुन्हा दोनशेवर जाईल. जेवणापर्यंत जरा पडा."

"अगं, पण मला कसंतरीच व्हायलंय."

ओसरीवरून लिंबाजी म्हणाले, "मशीन खोटं बोलत न्हाय. माझं कवा चुकलंय का?"

कमलबाई निमूटपणे जाऊन आडव्या झाल्या. त्या घरात कुणी दुष्ट नव्हतं. त्यांचा माझ्यावर विश्वास होता, एवढंच. तासाभराने अर्पिता ताट घेऊन गेली, तेव्हा त्या हाकेला ओ देईनात.

जीपमध्ये घालून त्यांना दवाखान्यात नेलं. शिरेतल्या रक्तात साखर अठ्ठावीस निघाली. डॉक्टर म्हणाले, "यांच्या अंगात रक्त फार कमी आहे. अशा माणसाची साखर हे यंत्र वाढवून दाखवतं. सोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं."

"म्या तो कागद उघडलाच न्हाय," अर्पिता म्हणाली.

कमलबाई वाचल्या. पण साखर फार वेळ कमी राहिल्याने मेंदूला इजा झाली होती. घरी परत आल्या त्या कुणालाच न ओळखणाऱ्या. बोलत नाहीत. भूक लागली तरी सांगत नाहीत. अर्पिता तासातासाला वाटी घेऊन जाते, "आत्या, खाता का?" म्हणते आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसून राहते. लिंबाजी मला हात लावत नाहीत. मी कपाटाच्या खणात पडून असतो. मला त्यांचा राग येत नाही, माझीच लाज वाटते.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याचा कागद शोधा आणि सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. कुणाच्या अंगात रक्त कमी असेल, तर डॉक्टरांना विचारा. आणि साखरेचं माणूस घामाघूम होऊन भूक लागली म्हणालं, तर आधी त्याच्या तोंडात काहीतरी गोड घाला. मला नंतर विचारा.