वाडगं उचलायची पाळी

ढब्या खात असतानाच त्याचं वाडगं उचलायचं, तेही घरातल्या सगळ्यांनी पाळीपाळीने, असा आमच्याकडे नियम होता. कुत्रे शिकवणाऱ्या मास्तरांचा. "घरात मोठं कोण ते त्याला कळलं पाहिजे. गुरगुरला की उताणा पाडा, दाबून धरा." नवरा हे मन लावून करायचा. ऑफिसात साहेबापुढे गोगलगाय, घरी कुत्र्यापुढे वाघ! मला पटत नव्हतं, पण मास्तरांपुढे माझं कोण ऐकतंय?

ढब्याचं गुरगुरणं बंद झालं. "बघ, सुतासारखा सरळ आला," नवरा म्हणाला.

त्या सकाळी मी ओट्याशी होते. वळून बघते तर आमची लेक, चिमी, वाडग्यापाशी उकिडवी बसलेली.

"आज माझी पाळी," म्हणत तिने वाडग्याला हात घातला.

ढब्या खायचा थांबला. तोंड वाडग्यातच, अंग ताठ, डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसणारं. आवाज मात्र अजिबात नाही. आवाज केला की उताणं पाडतात, एवढंच आम्ही त्याला शिकवलं होतं. चिमीचा गाल त्याच्या दातांपासून वीतभर. ओरडले तर तो दचकेल, धावले तर झडप घालेल. मी ओट्यावरचा चिकनचा तुकडा हळूच दाराकडे भिरकावला.

आधी ढब्याची नजर हलली, मग पाय. मी चिमीला उचललं आणि खोलीत शिरले. आतून कडी लावली.

"अगं, झालं काय? साधा गुरगुरलासुद्धा नाही!" नवरा बाहेरून म्हणाला.

"तेच तर झालं! दाराची घंटा काढून फेकलीस, आणि म्हणतोस कुणी येतच नाही!"

मास्तर बंद झाले. चिमीला वाडग्याकडे जायची बंदी. जवळून जाताना आम्ही ढब्यापुढे काहीतरी चांगलंचुंगलं टाकायचो, त्याचं घ्यायचो नाही. तरी त्याच्याकडे पाठ करायची माझी छाती होत नव्हती.

मग एकदा नवरा सवयीने वाडग्याकडे वाकला आणि ढब्या गुरगुरला. अगदी घशातून. त्याला दाबायला निघालेला नवऱ्याचा हात मध्येच थांबला. "बरं बाबा, खा," म्हणत तो मागे सरला. चेहरा पांढराफटक.

मी चिमीला जवळ ओढलं. "ऐकलंस? हा आवाज आला की मागे फिरायचं."

मग ढब्याकडे पाठ करून मी भांडी घासायला लागले.