तिसरा सिलिंडर

येसाजी अण्णा अंथरुणाला खिळले तेव्हा पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या प्रयोगशाळेत त्यांचं इंजिन अगदी शेवटच्या टप्प्यावर होतं. पेट्रोल कमी, हवा जास्त, अशा पातळ मिश्रणावर चालणारं मोटारीचं इंजिन. मिश्रण फार पातळ झालं तर ठिणगी पडूनही ते पेटत नाही, आणि थोडं घट्ट केलं की धुरातले विषारी वायू वाढतात. या दोन्हींच्या मधली अरुंद वाट शोधण्यात अण्णांची अर्धी नोकरी गेली होती. मुग्धा पुण्याहून आली ती थेट त्यांच्या हाताखाली. काम करावं कसं, ते ती त्यांच्याकडूनच शिकली.

अण्णांना यकृताचा कॅन्सर निघाला आणि थोड्याच दिवसांत कंपनीने प्रकल्प गुंडाळला. यापुढे फक्त विजेच्या गाड्या. इंजिन उतरवून गोदामात टाकलं, त्या खोलीत बॅटऱ्यांच्या चाचण्या सुरू झाल्या, आणि मुग्धालाही तिकडेच घेतलं.

राजाजीनगरच्या घरी ती भेटायला गेली तेव्हा अण्णांच्या बायकोने, मथुराक्कांनी, तिला दारातच थांबवलं.

"प्रकल्प बंद झाल्याचं त्यांच्या कानावर घालू नकोस. त्या इंजिनाचं नाव निघालं तरच चार घास खातात."

आत अण्णांनी पहिला प्रश्न तोच विचारला.

"काय म्हणतंय आपलं इंजिन?"

"बरं चाललंय, अण्णा."

"बरं म्हणजे? आकडे सांग."

मुग्धाने सुचतील तसे आकडे सांगितले. सगळंच चांगलं सांगितलं तर त्यांना संशय येईल, म्हणून जाता जाता म्हणाली, "फक्त तिसरा सिलिंडर गार असताना नीट पेटत नाही."

अण्णांचे डोळे चमकले. "सरी, ठीक आहे. बघू या त्याच्याकडे."

त्यानंतर दर रविवारी हेच. अण्णा उशांना टेकून काहीतरी सुचवायचे, पेट्रोलच्या फवाऱ्याचा कोन बदल, ठिणगी स्वल्प आधी पाड. मुग्धा पुढच्या रविवारी त्याचा निकाल सांगायची, मनाने रचलेला. एकदा तिने सांगून टाकलं की दोष गेला. अण्णा म्हणाले, "असा आपोआप कसा जाईल? पुन्हा तपास." मग तिला तो परत आणावा लागला. रविवार जवळ आला की ती नवे आकडे रचायला बसायची.

एका रविवारी अण्णांना उठून बसताही येईना. अक्का स्वयंपाकघरात होत्या.

"मुग्धा, मला जमत नाहीये गं," ते पुटपुटले. "तीन सिलिंडर शहाण्यासारखे वागतात आणि हा एकच असा का? सगळ्या बाजूंनी विचार केला. माझं डोकंच चालेनासं झालं बहुतेक."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. मुग्धाला ते बघवेना.

"डोकं चालतंय, अण्णा. तिसऱ्या सिलिंडरला काही झालेलंच नाही. मी ते बनवून सांगितलं." आणि मग तिने सगळंच सांगितलं.

अण्णांनी डोळे पुसले.

"बंद केलं, ते समजू शकतो," ते म्हणाले. "पण खोटे आकडे? मी त्यांच्यावर विचार करत होतो, मुग्धा."

आवाजात राग नव्हता. असता तर तिला सोपं गेलं असतं.

"शेवटचे खरे आकडे काय होते?"

"चारही सिलिंडर नीट पेटत होते. विषारी वायू मर्यादेच्या जरासे वर होते."

"म्हणजे पोचलोच होतो."

"हो, अण्णा."

"मग यावर विचार करायला हवा. पुढच्या रविवारी ये."

तो रविवार अण्णांना लाभला नाही.

दिवसकार्य उरकल्यावर मुग्धा पुन्हा राजाजीनगरला गेली. अक्कांनी कॉफी केली. दोघी समोरासमोर बसल्या.

"शेवटी काही म्हणाले का?" मुग्धाने विचारलं.

"नाही. नुसते जागे असायचे." अक्कांनी पदराने तोंड पुसलं. "तू सांगितलंस ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. बरं केलंस की वाईट, मला ठरवता येत नाही."

"मलाही नाही, अक्का."

अक्कांनी तिच्या पेल्यात आणखी थोडी कॉफी ओतली.